दिगूदादाची राहिलेली सही

परवा दुपारी एक मुलगी दुकानात आली. तारकर्लीला नवं होमस्टे काढलंय म्हणाली. फोन माझ्यापुढे धरून तिने एक चित्र दाखवलं. समुद्र, माड, होडी, सगळं जागच्या जागी आणि सगळं गुळगुळीत. फोननेच काढून दिलेलं. "ताई, असंच हवंय, पण हाताने काढलेलं. कोण देईल का काढून?" माझ्या ओळखीत आता तसं कोणी उरलेलं नाही, असं मी तिला सांगितलं. तरी ती थोडा वेळ स्टुलावर बसून राहिली. उन्हातून आली होती बिचारी, पण त्या स्टुलावर कोणी बसलं की मला अजून वाटतं, ऊठ म्हणावं.

ते स्टूल दिगूदादाचं. दिगंबर मेस्त्री. त्याला जाऊन ही दुसरी दिवाळी.

माझं दुकान मालवणच्या बाजारात. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, झेरॉक्स, लॅमिनेशन. माझा सगळा जन्म दुसऱ्यांच्या फोटोंच्या कडा कापण्यात गेला आणि आता त्याचा कंटाळाही येईनासा झालाय. पण अधूनमधून हाताने काढलेलंच हवं असणारं गिऱ्हाईक यायचं. कुणाला पत्रिकेवर नवरानवरीचं चित्र हवं असायचं, कुणाला हॉटेलची भिंत रंगवून हवी असायची. सगळ्यात जास्त मागणी असायची ती गेलेल्या माणसांच्या चित्रांना. मग मी दिगूदादाला फोन लावायची. तो वायरीहून आपल्या खडखडणाऱ्या स्कूटरवर यायचा, स्टुलावर बसायचा, बशीत चहा ओतायचा आणि बशी रिकामी होईपर्यंत गिऱ्हाइकाकडे बघायचासुद्धा नाही. उंच माणूस, पाठीत वाकलेला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला, मे महिन्यातही. कफांना रंग लागलेला असायचा. तेवढ्यावरूनच कळायचं की हा चित्रकार. बाकी दिसायला तो पतपेढीतला कारकून दिसायचा.

चित्र काढून घ्यायचं म्हणजे काय, हे लोकांना ठाऊकच नसतं. फोटो दिला की चित्र मिळतं, असा आपला समज. दिगूदादा फोटो हातात घ्यायचाच नाही आधी. त्याचे ठरलेले प्रश्न असत. चित्र खंय लावतलास? कोण बघतला? काय नको? लोक काय हवं ते सांगायला आलेले असायचे, त्यामुळे "काय नको" म्हटलं की गडबडायचे. मग फोटो घ्यायचा, अर्ध्या चेहऱ्यावर अंगठा ठेवून उरलेला अर्धा बघायचा, मग अंगठा दुसऱ्या अर्ध्यावर. आणि शेवटचा प्रश्न, जो ऐकून हमखास कोणीतरी हसायचं: "हात काय करत होते?"

"फोटोत हात खंय आसत?" लोक म्हणायचे.

"म्हणान तर इचारतंय."

एकदा तीन भाऊ आले होते, वडिलांचं चित्र हवं म्हणून. बापाचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा, म्हणजे पोलिसांनी धरून आणल्यासारखा. तिघांची मिशीवरून जुंपली. एक म्हणे जाड होती, दुसरा म्हणे बारीक, तिसरा म्हणे बाबांनी शेवटी मिशी काढलीच होती. माझ्या काउंटरवर बाप वारल्यानंतरचा सगळा घरचा राग निघाला. दिगूदादा शांतपणे चहा प्यायला आणि म्हणाला, "मिशयेचा मगे बघूया. हात काय करत होते?" तिघेही थांबले. धाकटा म्हणाला, "अडकित्तो." मोठा म्हणाला, "होय रे. सुपारी कातरतानाच बोलायचे ते." मधला बाहेर जाऊन उभा राहिला. पुढे चित्र झालं त्यात मिशी कशी होती, हे मला आता आठवतसुद्धा नाही.

त्याचा कामाचा शिरस्ता पक्का होता. इसार घेतल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. आधी पेन्सिलीचा कच्चा आराखडा करायचा आणि तो कागदावरच दाखवायचा. फोनवर कधी पाठवायचा नाही, कारण फोनवर गेला की तो मुंबईच्या मावशीपासून दुबईच्या भावोजीपर्यंत पोचतो आणि प्रत्येकाला काहीतरी सुचतं. बदल दोनदा. त्याच्या पुढे नवं काम. "बदल सांगूक तोंड लागता, करूक हात लागतत," असं तो म्हणायचा आणि म्हणताना इतका दमलेला दिसायचा की गिऱ्हाईक ओशाळायचं. सगळ्यात शेवटी सही. गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने "झाला" म्हणालं की त्याच्या समोर, उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढा "दि". सही झाली की त्या चित्राला तो पुन्हा ब्रश लावायचा नाही. एका हॉटेलवाल्याने सहीनंतर समुद्र जरा अजून निळा करून मागितला. दुप्पट देतो म्हणाला. दिगूदादा म्हणाला, "आता समुद्राकच सांगा."

हे असं खडूस बोलायचा. लग्न केलं नाही, बहिणीकडे जेवायचा, बहीणही त्याच्या बोलण्याला कंटाळलेली. मला मात्र तो बरा वाटायचा. दोन दमलेली माणसं एका दुकानात बसली की बोलायला लागत नाही.

तर अशा ह्या माणसाकडे हडीच्या शेवंतीकाकी आल्या.

त्यांचा मुलगा विनायक बोटीवर नोकरीला लागला होता, मालवाहू बोटीवर. सुरुवातीला फोन यायचे, मग तुटक तुटक, मग बंदच झाले. मुंबईच्या ज्या एजंटाने पाठवला त्याच्या ऑफिसला कुलूप. लोकांनी ओरोसला कलेक्टर कचेरीत अर्ज करायला सांगितलं, काकींनी केले. पोलिसांत सांगितलं. कोणी म्हणालं बोट बुडाली, कोणी म्हणालं परदेशात उतरून राहिला. नक्की काहीच नाही. काकी माझ्याकडे फोटो मोठा करून घ्यायला आल्या होत्या, पण फोटो इतका लहान आणि डागाळलेला की मोठा करण्यात अर्थ नव्हता. मी दिगूदादाला बोलावलं.

"हात काय करत होते?" त्याने विचारलं.

काकींना विचार करावा लागला नाही. "सायकलीची चेन बसवी होतो. सारखी पडायची मेली. हात सगळे काळे."

दिगूदादाने कच्चा करून आणला. मी म्हटलं, अगदी जिवंत. काकींनी कागद दोन्ही हातांनी धरून खूप वेळ बघितला आणि परत दिला.

"ह्यो तेवाचो विनू. माका आताचो होयो."

"म्हणजे?"

"अरे, घरातसून गेलो तेका इतकी वर्षां झाली. तो काय तसोच रवलो आसतलो? आता तो कसो दिसता ता काढ."

दिगूदादाने माझ्याकडे बघितलं. एवढी वर्षं गेलेल्या माणसांची चित्रं काढून काढून त्याचा हात आपोआप तिकडेच वळला होता. फोटो आला की माणूस गेलेला, हे त्याने धरूनच चाललं होतं. चूक त्याची होती आणि ती त्याला लागली. "बरा," म्हणाला आणि कागद गुंडाळून गेला.

पुढच्या खेपेला तो कॅनव्हासच घेऊन आला, तैलरंगात. विनू तिशी ओलांडलेला, जरा भरलेला, कपाळ किंचित मोठं झालेलं. काकी म्हणाल्या, "होय. ह्यो." दिगूदादाने सहीसाठी बारीक ब्रश काढला, तशी काकींनी त्याचं मनगट धरलं.

"सही नको. पुढच्या वर्षी येतंय."

आणि आल्या. भात कापून झालं की दिवाळीच्या सुमारास त्या यायच्या. बरोबर नव्या भाताच्या पोह्यांची पिशवी आणि पोत्यात गुंडाळलेलं चित्र. "आता चाळशी लागली आसतली." "आता कानाकडे पिकले आसतले." कधी म्हणायच्या, "बोटीवरचा जेवाण, जरा सुटलो आसतलो." दिगूदादा कुरकुरायचा. दोन बदलांचा नियम सांगायचा. काकी ऐकून घ्यायच्या आणि पोह्यांची पिशवी त्याच्या स्कूटरला अडकवायच्या. चित्र तो आठवडाभर ठेवून घ्यायचा आणि जुन्या चेहऱ्यावर नवा चढवायचा. हातांना मात्र काकी ब्रश लावू द्यायच्या नाहीत. त्याची एकदा चिडचिड झाली. "काकी, चेहरो चाळिशीचो आणि हात पोराचे. लोक माका हसतले."

"हात मी बघितलले आसत रे," काकी म्हणाल्या. "चेहरो तू सांगतंस."

त्याने चित्राला पुन्हा पोतं गुंडाळलं आणि ते स्कूटरला बांधलं. हातांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

एकदा पत्रिकांचे नमुने द्यायला मी त्याच्या घरी गेले होते. पडवीत विनूचं चित्र स्टँडवर उभं होतं आणि त्याच्या शेजारी खिळ्याला न्हाव्याकडचा असतो तसला आरसा. मी म्हटलं, "दिगूदादा, दाढी हयसरच करतंस काय?"

तो म्हणाला, "तो आणि मी एकाच वर्षी धावीच्या परीक्षेक होतो. माझे केस खंयसून पिकले ता बघतंय. तेचे पण थयसूनच पिकले आसतले."

म्हणजे काकींचा मुलगा दरवर्षी म्हातारा होत होता तो दिगूदादाच्या वयाने. त्याच्या डोळ्याखाली जी सुरकुती आली, ती त्या दिवाळीला विनूलाही आली. काकींना हे कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. पैसे देऊन झाले की त्या चित्राकडे बघायच्या आणि मग क्षणभर दिगूदादाकडे, आणि म्हणायच्या, "जेवतंस ना रे येळेर?"

अशी पुष्कळ वर्षं गेली आणि एका वर्षी भर पावसाळ्यात महेश आला. काकींचा पुतण्या. वाईट माणूस नव्हे, उलट सज्जन. काकींना दवाखान्यात नेणं, त्यांची कौलं शाकारणं, सगळं तोच करायचा. त्याच्या हातात विनूचा तोच जुना डागाळलेला फोटो. "फ्रेम करूची आसा. हार घालूक येयत असो." घरात सारखं काही ना काही बिनसतंय, जाणत्या लोकांचं म्हणणं पडलं की गेलेल्याचं रीतसर काही झालेलं नाही, त्याचं काय ते करून टाका. विधी ठरला होता. चित्र हवं होतं. फोटो चालण्यासारखा नव्हता, म्हणून पुन्हा दिगूदादाच.

मी फोन लावला. दिगूदादा आला, स्टुलावर बसला, चहा प्यायला, फोटो ओळखला आणि अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "खंय लावतलास?"

"देवघराच्या बाजूक."

"कोण बघतला?"

महेश उत्तर द्यायला गेला आणि थांबला. कारण त्या घरात बघणारं माणूस एकच होतं.

दिगूदादाने फोटो काउंटरवर ठेवला. "ह्या माणसाचा काम माझ्याकडे चालू आसा. एका माणसाची दोन कामां मी घेणंय नाय."

महेश उठला. दारापर्यंत गेला आणि परत फिरला. त्याचा आवाज चढला नाही, म्हणूनच मला जास्त लागलं. "दिगूदा, तुमी दर वर्षी तेका म्हातारो करतास आणि ती दर वर्षी आशेक लागता. दिवाळीनंतर म्हयनोभर वाटेर बसान रवता. बस इली काय उठता. ता कोण बघता, म्हायत आसा? मी बघतंय."

तो गेला. दिगूदादा बसून राहिला. रिकामी बशी बोटाने फिरवत होता. मला महेशचंही पटलं होतं आणि दिगूदादाचंही, आणि दोन्ही पटणं ही फार थकवणारी गोष्ट असते. मग तो म्हणाला, "खरा बोललो तो. मी मेलो रंग लावतंय आणि घराक जातंय. ह्या दिवाळीक सही करून टाकतंय. काय तरी एकदा संपाक होया."

मी म्हटलं, "काकी करूक देतली?"

"न इचारता करतलंय."

त्याने असं काही केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक "झाला" म्हणाल्याशिवाय त्याने आयुष्यात सही केली नव्हती. दिवाळी जवळ येत गेली तसतसा तो माझ्याकडे यायचा कमी झाला. विधी महेशने पुढे ढकलला होता असं कळलं. बहुधा त्यालाही काकींना सांगायचा धीर झाला नसावा. एकमेकांच्या तोंडाकडे बघत सगळ्यांचं घोडं अडलेलं.

त्या दिवाळीला काकी रिक्षाने आल्या. बरोबर सावंतवाडीची लेक होती. काकींना आता चालवत नव्हतं. लेक त्यांना आपल्याकडे नेत होती, हडीच्या घराला कुलूप लागणार होतं. पोह्यांची पिशवी होती, पण पोहे विकतचे असल्याचं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. चित्र लेकीने आठवडाभर आधीच दिगूदादाकडे पोचतं केलं होतं, ते घेऊन तो आला होता. ह्या वेळी काकींनी काही न सांगताच त्याने काम करून ठेवलं होतं. चष्मा, पिकलेले कल्ले, गळ्याशी सैल कातडी. चित्र काउंटरला टेकवून ठेवलं. त्याच्या हातात बारीक ब्रश आधीच होता, टोकाला काळा रंग. मी माझ्या कात्रीकडे बघत राहिले.

काकींनी चित्र बघितलं. मग म्हणाल्या, "झाला रे दिगू. आता सही कर."

लेक दुसरीकडे बघायला लागली.

"सावंतवाडीसून माका आता येवक जमाचा नाय," काकी म्हणाल्या. "तुकाच किती तरास दिवचो? महेश पण दमलो. कर सही. झाला माझा."

जे त्याला हवं होतं ते त्यांनी आपल्या तोंडाने म्हटलं होतं. नियमात बसत होतं. तो वाकला, उजव्या कोपऱ्याशी ब्रश नेला. ब्रश टेकला नाही. तसाच वाकून तो कितीतरी वेळ कोपऱ्याकडे बघत राहिला. मग सरळ झाला आणि ब्रश फडक्याला पुसून टाकला.

"कानाकडे जरा रवलाहा," म्हणाला. "आज जमाचा नाय. पुढच्या वर्षी."

"अरे, पण माका येवक..."

"तुमी कित्याक येतास? मी येतंय."

गिऱ्हाइकाच्या घरी न जाणारा माणूस. काकींनी त्याच्याकडे बघितलं. मग त्या चक्क हसल्या. "मेल्या, तुझा काम कधी पुरा होवचा नाय," म्हणाल्या आणि त्याच्या हातावर हात ठेवला, रंगाच्या कफावर. मी मागे जाऊन झेरॉक्सच्या मशीनमध्ये उगाचच कागद भरले. मला रडायला आलं होतं आणि ते मी गिऱ्हाइकांसमोर करत नाही.

चित्र त्याच्याकडेच राहिलं. काकी सावंतवाडीला गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात दिगूदादा आजारी पडला. पोटाचं काहीतरी, आधी साधं वाटलं, मग साधं राहिलं नाही. गोव्याला नेलं, परत आणलं. शर्टाच्या बाह्या हातांवर लोंबायला लागल्या. माझ्याकडे आलेली कामं तो नको म्हणायला लागला आणि मीही फोन करणं सोडून दिलं. बहीण सांगायची, जेवत नाही, पण पडवीत बसून रंग मात्र करतो.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी पत्रिकांचं पार्सल सोडायला मालवण स्टँडवर गेले होते. सावंतवाडीची गाडी लागलेली. बाकावर दिगूदादा बसला होता, मांडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कॅनव्हास. मी त्याला पटकन ओळखलंच नाही. गाल आत गेलेले, चेहरा मेणासारखा पिवळा. केस तर औषधांनी गेलेच होते. शेजारी बहीण पाण्याची बाटली घेऊन, रागावलेली.

"ह्या अवस्थेत खंय निघालंस?" मी म्हटलं.

"म्हायत आसताना इचारतंस कित्याक?"

मला एकदम धसका बसला. ह्या वर्षीचा चेहरा त्याने आरशात बघून केला असेल तर काकींना काय दाखवणार तो? मी म्हटलं, "बघू चित्र."

त्याने नाखुशीनेच प्लास्टिक एका बाजूने सोडलं. विनू होता. साठीकडे झुकलेला, चष्मा लावलेला, कान आणि कल्ले ठीकठाक. आणि गाल भरलेले. चांगले गुटगुटीत, तुकतुकीत, घरचं जेवण मिळत असलेल्या माणसाचे. खाली तेच पोरसवदा काळे हात आणि सायकलीची चेन. उजवा कोपरा कोरा.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा चित्राकडे. त्याला कळलं.

"माका झाला म्हणान तेका कित्याक?" दिगूदादा म्हणाला. "तो बरो आसा."

कंडक्टरने घंटी मारली. बहिणीने त्याचा दंड धरून त्याला चढवलं. चित्र त्याने कुणाला धरायला दिलं नाही. खिडकीशी बसून ते त्याने मांडीवर उभं धरलं आणि गाडी सुटली तेव्हा तो प्लास्टिकची गाठ पुन्हा बांधत होता.